काचेआडची मँडोलिन

रविवारी मी एका संग्राहकाकडे त्याच्या दुर्मीळ मँडोलिन आणि बँजोंची यादी करायला गेले होते. सतरा वाद्यं, सगळी काचेच्या कपाटात, कुलूपबंद. तेवढ्यात एक म्हातारे वादक आले. त्यांतली एक मँडोलिन त्यांनीच या संग्राहकाला विकलेली. लग्नाच्या बँडमध्ये आयुष्यभर वाजवलेली.

"साहेब, एकदा वाजवून बघू का?"

"नको हो काका. हाताच्या घामानं पॉलिश जातं."

काका काचेतूनच बघत राहिले. मँडोलिनच्या दांडीवर पॉलिश उडून लाकूड उघडं पडलं होतं. ते काकांच्याच अंगठ्यानं. आणि हीच झीज हा गृहस्थ पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो, मघाशी मलाही दाखवली! माझं डोकं फिरलं. आपण जुन्या वस्तू जपतो म्हणजे नेमकं काय जपतो? जात्याला दिवाणखान्यात जागा देतो, दळणारीला उंबऱ्याबाहेर उभं करतो.

मी वही मिटली आणि कपाटाची किल्ली मागितली.

"कशाला?"

"प्रत्येक वाद्याचा आवाज कसा आहे, तेही यादीत लिहायचंय," मी म्हटलं. "आणि या मँडोलिनचा आवाज काका वाजवतील तेव्हाच मी लिहीन. नाहीतर यादी तुमची तुम्ही करा."