होडीचे पोपडे

मुलीच्या लग्नाचा अल्बम मी स्वतः कॉम्प्युटरवर करायला घेतला. फोटोंवर एखाद्या जुन्या पृष्ठभागाचा पुसट थर चढवला की पानाला पोत येतो, म्हणून मिरकरवाड्याच्या बंदरात एका होडीच्या रंगाचे पोपडे कॅमेऱ्यात टिपत होतो. सावलीत जाळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने हात थांबवला.

"साहेब, पलीकडची बाजू रंगवलीय. ती काढा."

"मला हेच हवेत. मुलीच्या लग्नाच्या अल्बमला."

तो कणवेने बघत राहिला. "व्याह्यांशी बरं हाय ना तुमचं?"

मग खिशातल्या कंगव्याने केस विंचरून तो पोपड्यांवर हात ठेवून उभा राहिला. "नुसते पोपडे बरे नाय दिसत. मला पण घ्या अल्बमात."

मी हो म्हणालो. घरी त्याला फोटोतून कापायला बसलो, पण दिलेला शब्द आठवून हात पुढे जाईना. शेवटी थर पुसट केला आणि तो प्रत्येक पानावर, अगदी सप्तपदीतही, अंधुक उभा राहिला.

अल्बम बघताना व्याह्यांनी विचारलं, "हे तुमच्याकडचे कोण?"

बायको म्हणाली, "आम्हाला वाटलं तुमच्याकडचे."

"सगळीकडे हजर होते हो," विहीणबाई हळहळल्या, "आणि मानपानात राहून गेले. बारशाला नक्की बोलवा."

खरं सांगायचं मला धैर्य झालं नाही. आता बारसं जवळ आलंय आणि म्हाताऱ्याला आमंत्रण द्यायचंय. मूळ फोटो पुसला गेलाय आणि अंधुक चेहऱ्यावरून माणूस ओळखू येत नाही, म्हणून मिरकरवाड्यात अल्बमच्या पानावरचे पोपडेच दाखवत फिरतो. ते निरखून प्रत्येक होडीवाला म्हणतो, "आमची नाय ती."