हाताची घडी

येल्का पेरिशिचला बोलायला माणूस लागायचं, आणि कूबर पीडीत, ऑस्ट्रेलियातल्या त्या ओपल रत्नांच्या खाणींच्या गावात, तिच्या वयाचं माणूसच उरलं नव्हतं. इथली पोरं दहावीपर्यंत कशीबशी टिकतात. मग कुणी अ‍ॅडलेडला, कुणी पोर्ट ऑगस्टाला, ज्याची मावशी जिथे असेल तिथे गाशा गुंडाळून जातात. येल्काला मावशी नव्हती. तिला आजोबा होते, आणि उन्हापासून वाचायला टेकडीत कोरलेलं घर सोडून दुसरीकडे राहायचं नुसतं म्हटलं तरी आजोबांना धाप लागायची. त्यामुळे बारावीच्या वर्गात ती एकटी. वर्ग म्हणजे एक खोली, एक पडदा आणि पडद्यावर दूर शहरात बसलेले गणिताचे सर. ते दर तासाला विचारायचे, "सगळ्यांना समजलं का?" सगळ्यांना म्हणजे येल्काला.

शनिवार मात्र तिचा होता. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शनिवारी सकाळी लहान मुलींनी यायचं आणि काहीतरी बनवायचं. पूल, पवनचक्की, ढकलगाडी, जे सुचेल ते. ही कल्पना तिघींची होती, तेव्हा वर्गात असलेल्या रिऑनन आणि टेगन, आणि येल्का. तिघींचे बाप-भाऊ जन्मभर खाणीतल्या यंत्रांशी झटापट करत आलेले, आणि पोरींना मात्र एकच सांगणं, लांब हो, बोट जाईल. तेव्हा आपल्याला जो पाना कुणी हातात दिला नाही तो आपण लहानग्यांना द्यायचा, असं तिघींनी ठरवलं. नियम एकच. रिऑननने तो शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवला होता: मोठीने हाताची घडी घालून बसायचं. विचारायचं, ऐकायचं, धीर द्यायचा, पण लहानीच्या कामाला हात लावायचा नाही. हातातलं काम काढून घेणारी मोठी माणसं गावात काही कमी नव्हती.

मग रिऑनन गेली. पाठोपाठ टेगन गेली. लहान मुलीही गळत गेल्या. सिएन्ना नावाच्या एकीचा पूल सगळ्यांसमोर मोडला, बाकीच्या फिदीफिदी हसल्या, ती पुन्हा आली नाही. थोड्या दिवसांनी हसणाऱ्याही यायच्या थांबल्या. शेवटी उरली एकटी फोतिनी.

फोतिनी अकरा वर्षांची. पुढचे दात मोठे, बोलणं तुकड्यातुकड्यांचं आणि नजर अशी की समोरच्याने आपलं काय चुकलं ते आठवायला लागावं. ती रहाट बनवत होती. खाणीच्या तोंडावर उभा असतो तसाच, तिरप्या शिडीवरून बादली वर येते, टोकाला आकड्यात अडकते, आपोआप उलटी होते आणि मुरूम पलीकडे ओतते. गावातल्या प्रत्येकाच्या बापाकडे तो आहे किंवा होता. फोतिनीचा रहाट टेबलाएवढा होता. पडद्याच्या दोन दांड्या, मटारचा रिकामा डबा, आकड्याच्या जागी वाकवलेला खिळा आणि हाताने फिरवायचा दांडा. डबा दिमाखात वर चढायचा, टोकाच्या जरा आधी मान टाकायचा आणि सगळे खडे जिथून आले तिथेच परत पाडायचा.

"परत तसं तोंड केलंस," फोतिनी मान वर न करता म्हणायची.

"कसं?"

"तुला माहीत असल्यासारखं."

"मी काही बोलले का?"

"तोंडाने नाही."

येल्काला खरंच वाटत होतं की आपल्याला माहीत आहे. खिळा जास्त वाकलाय, एवढंच. तिचे हात नुसते शिवशिवायचे. ती ते काखेत आणखी घट्ट दाबून धरायची आणि विचारायची, "डबा पडतो तेव्हा तू कुठे बघतेस?" फोतिनी पुढच्या खेपेला दुसरीकडे बघायची. त्या शेडमध्ये दोघी फारसं बोलायच्याही नाहीत. तरी आठवड्यातलं येल्काचं सगळं बोलणं तिथेच व्हायचं.

ईस्टरची जत्रा जवळ आली. मुख्याध्यापिका बाई वाईट नव्हत्या, पण त्यांनी सांगून टाकलं की जत्रेत मांडा काय मांडायचं ते. त्यानंतरही मुली येणार नसतील तर शेडमध्ये सभागृहाच्या खुर्च्या ठेवू. येल्काला डोळ्यांपुढे दिसायला लागलं, जत्रेत अख्खं गाव जमलंय, डबा मान टाकतोय, लोक हसतायत आणि फोतिनी सिएन्नासारखी पाठ फिरवून चाललीय. मग शनिवारी जायचं कुणाकडे?

त्या शनिवारी फोतिनी घरी गेल्यावर येल्का मागे थांबली. पक्कड घेतली आणि खिळा जरासा सरळ केला. दांडा फिरवला. डबा वर चढला, टोकाला पोचला, लवून नमस्कार केल्यासारखा वाकला आणि खडे बरोबर पलीकडे पडले. येल्का गुणगुणत घरी गेली.

पुढच्या शनिवारी फोतिनीने दांडा फिरवला आणि खडे पलीकडे पडले.

"जमलं की गं," येल्का म्हणाली. स्वतःच्याच कानाला तिचा आवाज गोडगोड लागला.

फोतिनी हसली नाही. तिने पुन्हा फिरवून पाहिलं. मग वाकून खिळ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"हा मी नाही वाकवला."

खोटं बोलावं असं येल्काच्या मनात येऊन गेलं. "थोडासाच," ती म्हणाली. "जत्रा तोंडावर आलीय, म्हटलं..."

"मी आठवडाभर विचार करत होते ते का सांडतं म्हणून. जेवताना पण. आज बघणार होते."

"अगं पण आता सांडत नाही ना."

"तेच तर," फोतिनी म्हणाली. "बाबा असंच करतो. दे इकडे म्हणतो." तिने हात फ्रॉकला पुसले, बाटली उचलली आणि निघून गेली. दारावरच्या खडूच्या ओळीकडे तिने पाहिलंही नाही. येल्काला मात्र दिवसभर दुसरं काही दिसलं नाही.

त्यानंतर फोतिनी आली नाही. येल्का शनिवारी शेड उघडून बसायची, पंखा लावायची, माश्या हाकलायची, दुपारी कुलूप घालायची. रिऑननला तिने लिहिलं, माझं चुकलं गं. उत्तरात समुद्रावरचा फोटो आला, त्यात रिऑनन आणि तिच्या नव्या मैत्रिणी ओल्या केसांनी हसत होत्या. सोमवारी सरांनी विचारलं, "सगळ्यांना समजलं का?" येल्का म्हणाली, "नाही." सर बिचारे चपापले आणि त्यांनी तेच गणित पहिल्यापासून पुन्हा सोडवून दाखवलं. ती मान हलवत राहिली. इतकं एकटं तिला आजवर कधीच वाटलं नव्हतं.

"त्या स्पिरोच्या पोरीचा रहाट ना?" आजोबा जेवताना म्हणाले. "खिळा सरळ कर म्हणावं. दोन मिनिटांचं काम."

"तेच केलं मी."

"मग?"

"मग काही नाही. सूप घ्या अजून."

शेवटी ती फोतिनीला शोधायला गेली. गावाबाहेर मुरमाच्या पांढऱ्या ढिगाऱ्यांवर पोरं ओपलचे तुकडे वेचत फिरतात, तिथे फोतिनी एकटीच चाळणी घेऊन बसली होती.

"खिळा परत वाकवलाय," येल्का लांबूनच म्हणाली. "पहिल्यासारखा. जमला तसा."

"पहिल्यासारखा कसा होईल?"

"नाही होणार. माहितेय."

फोतिनीने चाळणी हलवली. खाली नुसती धूळ पडली.

"जत्रेत सांडलं तर?"

"सांडू दे."

"लोक हसतील. मग तू हात लावशील."

"नाही लावणार."

"आणि तुझे आजोबा? त्यांना राहवेल?"

येल्का तिच्याकडे तोंड ठेवून तशीच मागे सरकायला लागली.

"उलटं चालू नको," फोतिनी खेकसली. "मागे खड्डा आहे."

जागोजागी जुन्या खाणींची तोंडं उघडी असलेल्या या गावात हे लेकरांना बोलायला लागायच्या आधी शिकवतात. तरी येल्काला ते ऐकून रडू आलं, कारण कितीतरी दिवसांत आपण कुठे चाललोय हे कुणी पाहिलंच नव्हतं.

जत्रेच्या दिवशी फोतिनी आली. तिने रहाट टेबलावर मांडला, डब्यात खडे भरले आणि दांडा फिरवला. डबा वर चढला, मान टाकली, खडे खाली. कुणीतरी हसलं. फोतिनीचे कान लाल झाले. तिने पुन्हा भरला, पुन्हा फिरवला, पुन्हा तेच.

आता कूबर पीडीतल्या पुरुषांसमोर रहाट बिघडावा आणि त्यांनी गप्प बसावं हे कसं शक्य आहे? हां हां म्हणता टेबलाभोवती कोंडाळं झालं. एक म्हणाला खिळा, दुसरा म्हणाला दोरी, तिसरा म्हणाला हिच्या बापाचाही असाच होता. "दे इकडे," म्हणत स्पिरो पुढे झाला, आणि दुसऱ्या बाजूने येल्काच्या आजोबांचा चामड्यासारखा हात थेट खिळ्याकडे निघाला. येल्का काखेत हात दाबून उभी होती. तिला सिएन्ना आठवली, कुलूप आठवलं, खुर्च्या आठवल्या. चारचौघांत कधी तिचा आवाज चढला नव्हता.

"आजोबा, हाताची घडी."

"काय?"

"घडी घाला. स्पिरो, तुम्ही पण. तिच्या रहाटाला कुणी हात लावायचा नाही. आमचा नियम आहे."

"अगं पण तो खिळा..."

"घडी."

आजोबांनी नातीकडे पाहिलं. मग कुरकुरत, पहिलीतल्या पोराने घालावी तशी घडी घातली. स्पिरोने घातली. एकेक करत सगळ्या धटिंगणांनी घातली. हसायचं कुणाला सुचेना.

फोतिनीने डबा भरला. या वेळी तिने गाल टेबलाला टेकवला आणि खालून वर बघत दांडा सावकाश फिरवला. डबा सांडला, खडे तिच्या केसांत गेले. तिने परत फिरवला.

"खिळा नाहीच," ती म्हणाली. "दांड्या वर जाऊन जवळ येतायत. डबा चिमटला जातो आणि वाकतो."

लाकडाचा एक ठोकळा तिने दोन दांड्यांमध्ये वरच्या बाजूला ठोकून बसवला. डबा टोकापर्यंत गेला, आकड्यात अडकला आणि खडे पलीकडे पडले. येल्काला ते कधी दिसलंच नव्हतं. तिने खिळा सरळ करून दुखणं नुसतं झाकलं होतं.

आजोबा घशात काहीतरी म्हणाले, पण घडी सोडली नाही. मग लहान मुली पुढे घुसल्या, मला फिरवू दे, मला फिरवू दे. सगळ्या फोतिनीभोवती. येल्का गर्दीबाहेर उरली. हवं होतं तेच झालं होतं, आणि तिला कुणी विचारत नव्हतं. सांडलेले खडे झाडून तिने पिशवीत भरले आणि ती आजोबांबरोबर घरी गेली.

पुढच्या शनिवारी शेड भरलं. खुर्च्या आल्याच, पण बसायला. मुली येत आणि सरळ फोतिनीकडे जात. येल्का दाराशी स्टुलावर बसून होती. तिला फार बरं वाटत होतं आणि फार एकटंही. एका चिमुरडीचा पूल एका बाजूला कलत चालला होता. फोतिनी तिच्याजवळ उभी होती, मग एकदम मागे झाली आणि येल्काशेजारी येऊन उभी राहिली. तिचे दोन्ही हात काखेत गच्च दाबलेले होते.

"हे अवघड आहे गं," फोतिनी म्हणाली.

"हो."

"मला वाटायचं तुला सोपं जातं."

"नाही," येल्का म्हणाली. "कधीच नाही गेलं."

फोतिनी तिच्या खांद्याला टेकली. समोर पूल मोडल्याचा आवाज झाला, आणि दोघींपैकी कुणीही हललं नाही.