माठाखालची लस

घरमालकीणबाईंना सगळी गल्ली मामी म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. मैलापूरच्या त्यांच्या घरात वरची खोली भाड्यानं घेतली त्या रविवारी संध्याकाळी त्यांनी मला सुटकेससकट तब्बल दीड तास फाटकाबाहेर उभं केलं होतं. का, तर राहुकाळ होता! मी सांगलीहून कारच्या कंपनीत नोकरीला आलेली, तोंडानं जरा तिखटच. एरवी फाटकातूनच परत गेले असते. पण मामी मराठी बोलत होत्या. तंजावरचं, जुन्या पत्रात शोभावं असं, वर तमिळ हेल काढून. चेन्नईत पंधरा दिवस मराठी ऐकलं नव्हतं, ते ऐकून मी विरघळले आणि निमूट उभी राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात मी बसथांब्यावरून एक पिल्लू उचलून आणलं. तपकिरी, पोटाचा नगारा, कान कुणाकडून उसने आणल्यासारखे मोठे. मामींनी त्याला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर अडवलं.

"महिना सरेपर्यंत ठेव. मग नक्को," म्हणाल्या. "घरांत देव आहेत."

महिना सरायला अकरा दिवस होते, पण मला घोर वेगळाच लागला होता. गल्लीत कुत्र्यांच्या पार्वो रोगाची साथ आली होती. चहाच्या गाड्याखालची दोन पिल्लं रक्ताची हगवण लागून दोन दिवसांत गेली. कोपऱ्यावरचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, याला लगेच टोचायला हवं, पण त्यांच्याकडची लस संपली होती. एग्मोरच्या मोठ्या औषधांच्या दुकानातून आणा, बर्फात घालून आणा, आणल्या आणल्या फ्रीजमध्ये ठेवा आणि शुक्रवारी सकाळी सातला या, असं त्यांनी दोनदा बजावलं. शुक्रवारी दुपारी ते बहिणीच्या लग्नाला गावी निघणार होते, ते थेट दहा दिवसांनी परतणार.

गुरुवारी संध्याकाळी मी लस आणली. आता फ्रीज कुठं होता माझ्याकडं? फ्रीज मामींचा. त्यात इडलीचं पीठ, लिंबं आणि नैवेद्याचं दही. त्या घरात अंड्याचं नावसुद्धा कुणी काढत नसे. विचारलं तर नाहीच म्हणतील, असं मी आपलं मनानंच ठरवलं आणि बाटली स्टीलच्या डबीत घालून गुपचूप लिंबांच्या मागं सरकवली. फार शहाणी ना मी!

शुक्रवारी पहाटे खाली गेले तर डबी घासूनपुसून ओट्यावर पालथी घातलेली.

"मामी! यात बाटली होती!"

"होती की. कुत्र्याचें औषध देवाच्या दह्याशेजारीं ठेवतीस? पण फेकलें नाहीं हो मी. थंडच ठेवलें."

आणि मोठ्या कौतुकानं त्यांनी माठाखालच्या ओल्या वाळूतून बाटली उकरून काढली. ऊन लागू नये म्हणून वर विड्याचं पानही झाकलं होतं.

चेन्नईचा मे महिना, आणि रात्रभर वाळूत! तरी मी पिल्लाला काखोटीला मारून पळत सुटले. डॉक्टरांनी बाटली मनगटाला लावून पाहिली आणि बाजूला ठेवून दिली. माठाचा गारवा माणसाला पुरतो, लसीला नाही, म्हणाले. साडेअकरापर्यंत दुसरी आणलीत तर टोचतो. एग्मोरचं दुकान उघडायचं दहाला, आणि माझी कंपनीची बस पावणेआठला. त्या दिवशी परदेशी पाहुणे कारखाना पाहायला येणार होते, रजेचं नाव काढायची सोय नव्हती.

घरी आले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता एग्मोरहून बर्फात घालून साडेअकरापर्यंत दुसरी लस कोण आणणार, म्हणून नको नको ते बोलले. "तुमच्या सोवळ्यापायी हे मेलं तर काय करायचं?" असंही बोलले. पिल्लू मामींच्या पदराशी खेळत होतं, ते त्यांनी हुसकावलं नाही. मी बस गाठली.

दिवसभर पाहुण्यांच्या मागं हसत हिंडले आणि आतून रडत होते. जेवणाच्या सुट्टीत राग उतरला तेव्हा लख्ख कळलं, की चूक माझी. एकदा तोंड उघडून सांगितलं असतं तर? मामी नाही म्हणाल्या असत्या, तर शेजारी फ्रीज नव्हते का?

संध्याकाळी फाटक उघडलं तर पिल्लू मामींच्या आरामखुर्चीखाली पंख्याचा वारा खात पसरलेलं. मामींनी एक निळं कार्ड माझ्यापुढं धरलं. आत लसीच्या बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं, खाली डॉक्टरांची सही.

"रिक्षा केली," त्या म्हणाल्या. "दुकान उघडलें, पहिली मीच. येईपर्यंत अकरा वाजले. बर्फ माझ्या कॉफीच्या थर्मासांत घातला. बाकी हा रडला नाहीं हो, कंपाउंडरच घाबरला."

ज्या थर्मासला मी कधी बोट लावलं तर मामी तो तीनदा धुवायच्या, तो थर्मास! माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेली. शुक्रवार, राहुकाळ साडेदहा ते बारा.

"मामी, राहुकाळात याला घेऊन बाहेर पडलात?"

"मग काय करायचें? त्या रोगास कॅलेंडर वाचतां येतें?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी वाकून त्यांचे पाय धरले, सकाळचं बोलणं पोटात घाला म्हटलं. त्यांनी "सरि, सरि, असूं दे" म्हणून मला उठवलं. कॅलेंडरवर तीन आठवड्यांनंतरच्या तारखेला त्यांनी पेन्सिलीनं गोल करून ठेवला होता, लसीच्या दुसऱ्या डोससाठी. शेजारी वेळही लिहिली होती, या खेपेला राहुकाळ टाळून.

मग मी कार्ड नीट पाहिलं. मालकाच्या रकान्यात माझं नाव नव्हतं. तिथं मामींनी स्वतःचं नाव घातलं होतं, खालच्या मजल्याच्या पत्त्यासकट.

"मामी, अहो, महिना सरल्यावर याला नेणार होते ना मी?"

"तुला जायचें तर जा," खुर्चीखाली हात घालून त्याचे कान खाजवत मामी म्हणाल्या. "तो कशास जाईल?"