न घासलेलं पातेलं

प्रयोगशाळेत तिला सगळे काढेवाली म्हणत. वर्षानुवर्षं एकाच झुडपाचा पाला उकळणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? झुडूप सरांच्या अंगणातलं, सरांचं लाडकं. त्याच्या काढ्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं की चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार होतील आणि ते जंतू मारतील, असं सर भर सभेत ठणकावून सांगून बसले होते. कण झाले की पाणी तपकिरी होतं. हिचं पाणी मात्र ढिम्म. शेवटी सर म्हणाले, "या महिन्यात चांदी झाली नाही, तर विषय बंद." विषय बंद म्हणजे पदवीही बंद.

त्यात प्रयोगशाळेची शेगडी बिघडली. काढेवालीने पाला घरी नेला, आईच्या चहाच्या पातेल्यात उकळला आणि काढा बाटलीत भरून आणला. त्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं आणि दुपारपर्यंत पाणी तपकिरी! जंतूंच्या बशीत त्याचा थेंब टाकला, तर दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती जंतू औषधालाही उरले नव्हते. तिने घरी फोन लावला. "आई, चांदी झाली!"

आईने मावशीला सांगितलं, मावशीने उरलेल्या जगाला. संध्याकाळी मामा दारात हजर. "केवढ्याची लॉटरी लागली?"

सर मात्र म्हणाले, "पुन्हा करून दाखव." शेगडी दुरुस्त, बीकर लखलखीत आणि पाणी पुन्हा ढिम्म.

ती रडवेली होऊन घरी आली. आई चहा गाळत होती. पातेलं आतून काळं-तपकिरी झालेलं.

"आई, हे घासत का नाहीस गं?"

"बाहेरून घासते की. आतून घासलं तर चव जाते."

काढेवालीने पातेल्यात वाकून पाहिलं. तिने त्याच पातेल्यात नुसतं पाणी उकळून प्रयोगशाळेत नेलं. सिल्व्हर नायट्रेट घातलं आणि झालं तपकिरी! सगळी करामत चहाच्या थराची. झुडूप बिचारं फुकट उकळून निघत होतं.

गप्प बसली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. पण मन खाऊ लागलं. पातेलं घेऊन ती सरांपुढे उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझं झुडूप...?"

"शोभेचं आहे, सर. पण छान आहे."

सर पातेलं घेऊन खिडकीशी उजेडात गेले. मग पातेल्यात डोकावले. "चहावर जगाने लिहून ठेवलंय. या थरावर कोणी लिहिलंय का?"

"नाही, सर."

"मग हाच तुझा विषय. पातेलं इथेच ठेव. आणि खबरदार कोणी घासलंत तर!"

घरी मावशी वाटच बघत होती. "काय गं, कुठाय चांदी?"

आईने कपाळाला हात लावला. "कसली चांदी! होतं ते पातेलंही गेलं."