चाळीस जीबीतलं लग्न

"ताई, हे काऊन असं वाजून राहिलं?" नंदूभाऊंनी विचारलं.

कॉम्प्युटरमधली जुनी हार्डडिस्क टक-टक करत होती. स्क्रीन काळी होती. का, ते मला माहीत नव्हतं. मी उघडण्याआधी तो कॉम्प्युटर चांगला चालत होता, एवढं मात्र पक्कं माहीत होतं.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कॉलेज सुटल्यावर गोंदियात कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात काम करायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. त्यामुळे मला सगळं येतं असं घरच्यांना वाटायचं. मला तसं कधी वाटलं नाही. त्या रविवारी दुकानाच्या मालकांनी, आमच्या सरांनी, पहिल्यांदाच मला एकटीला बाहेरच्या कामाला पाठवलं, अर्जुनी मोरगावला. "सिंपल काम है बेटा. रॅम डाल, दूसरी हार्डडिस्क लगा, वापस आ."

नंदूभाऊंचा तिथे फोटो स्टुडिओ होता. लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवायची, नको ते कापायचं, गाणी टाकायची आणि सीडी बनवायची. याला ते मिक्सिंग म्हणत. तासाभराचं शूटिंग तेरा जीबी जागा खातं आणि त्यांची डिस्क होती चाळीस जीबीची. ती काठोकाठ भरली होती. एका लग्नाचं मिक्सिंग झालं होतं, पण शेवटची फाइल बनायला जागाच उरली नव्हती.

त्या लग्नातल्या मुलीचे वडील, काकाजी, तिथेच स्टुलावर बसले होते. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर त्यांची धानाची शेती. मुलगा फौजेत. बहिणीच्या लग्नाला त्याला सुट्टी मिळाली नव्हती. आता तो आठ दिवसांसाठी आला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाणार होता.

"त्यानं लगीन पाह्यलं नाही," काकाजी म्हणाले. "आज सीडी पाहिजेच."

रॅम बसली. पण दुसऱ्या डिस्कसाठी पॉवरची वायर उरली नव्हती. कॉम्प्युटरला वीज वाटून देणारा डबा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. त्यातून निघालेल्या वायरी जुनी डिस्क, सीडी रायटर आणि कॅबिनेटचा पंखा यांनी घेतल्या होत्या. म्हणून मी एकाच्या दोन करणारं कनेक्टर जुन्या डिस्कच्या वायरला जोडलं आणि त्यावर दोन्ही डिस्क लावल्या. चालू केलं, तर ही टक-टक.

मी लगेच बटण बंद केलं. "नंदूभाऊ, लग्नाची कॅसेट आहे ना?"

"आहे ना! लेबल लावून ठेवली."

त्यांनी ती कॅमेऱ्यात घातली. छोट्या पडद्यावर स्टेज दिसलं. लाल साडीतली एक बाई नाचत होती.

काकाजींनी वाकून पाहिलं. "हे तं मंडईतलं नाटक होय." आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक असतं.

नंदूभाऊ ओशाळले. "चारच कॅसेटी आहेत, ताई. कॉम्प्युटरमधी उतरवली का दुसऱ्या कामाले घेतो. लेबल काढाचं राहून गेलं."

"म्हंजे माह्या पोरीचं लगीन फक्त या डब्ब्यात हाये?"

मी सरांना फोन लावला.

"टक-टक कर रही है? गई समझ. निकाल के ले आ."

काकाजींना हे सांगायचं सोडून मी उगाचच स्क्रू मोजत बसले. तेव्हा तेच म्हणाले, "पोरी, आमच्या पंपाच्या मोटारीचा एक फेज गेला का तेबी अशीच कण्हते, फिरत नाही. मोटार जळली म्हणून मिस्त्री खोलते, अन् निघते वायर सुटलेली."

फेजचा आणि डिस्कचा काय संबंध, असं मला वाटलं. तरी मी कनेक्टर काढून उजेडात धरलं. आत चार पितळी पिना. तीन एका रेषेत, चौथी मागे सरकलेली, पिवळ्या वायरची. डिस्क फिरवणारी मोटर याच वायरवर चालते. मी जोर लावून दाबताना पिन मागे गेली असणार. आता ती कधी टेकत होती, कधी सुटत होती.

मी ते कनेक्टर बाजूला टाकलं. जुन्या डिस्कला तिची स्वतःची वायर परत दिली आणि बटण दाबलं. टक-टक नाही. बारीक घरघर, आणि विंडोज आलं. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

कॉम्प्युटर बंद करून कॅबिनेटच्या पंख्याची वायर नव्या डिस्कला दिली. पंख्याऐवजी बाजूचं झाकण उघडं ठेवून टेबलफॅन लावला. नवी डिस्क फॉरमॅट करताना चुकून जुनी पुसली जाऊ नये म्हणून नाव तीनदा वाचलं. मग सगळ्यात आधी लग्न तिच्यावर कॉपी केलं आणि त्यानंतरच पाणी प्यायले.

फाइल बनायला अडीच तास लागले. काकाजी हलले नाहीत. सीडी हातात आल्यावर म्हणाले, "लावून दाखव. मंडई नको निघायले."

लग्नच निघालं.

सरांना काम झाल्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ठीक है. सीधा सीधा काम था." मी हो म्हटलं.

आता मी डिस्क गेली असं म्हणण्याआधी तिच्यापर्यंत वीज पोचते का ते बघते. आणि गिऱ्हाईक कॅसेट आहे म्हणालं, तर स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी ती चालवून बघते. लेबलवर काय लिहिलंय, ते वाचत नाही.