बापूंचे नाव जिवंतांत

माझ्यासारख्याने देवाच्या कृपेविषयी लिहावे, हे मला स्वतःलाच धाडसाचे वाटते. तो अधिकार पाद्रीबाबांचा, नाहीतर ज्यांचे आयुष्य प्रार्थनेत गेले अशा वडीलधाऱ्यांचा. मी कॉलेजात शिकणारा मुलगा. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिलाच, म्हणून चार वाक्ये नीट जुळवता येतात, एवढीच माझी पात्रता. पण आई म्हणाली, "तुला येतं ना लिवाया? मग लिव. मना येत असतं तर मी कवाच लिवलं असतं." तिच्या शब्दाखातर लिहितो. चुकेल तेथे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमचे गाव बाळकुमच्या पलीकडे, खाडीच्या काठी. घरे सारी ख्रिस्ती, धंदा मासळीचा, थोडी भाताची खाचरे. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, मुंबईत पसरला तेव्हा आमचे कॉलेज बंद झाले आणि मी घरी आलो. पाठोपाठ तापही ठाण्यात आला. कोपरीत घरांना कुलपे लागली, माणसे रानात झोपड्या घालून राहू लागली. गर्दी होऊ नये म्हणून आमचे देऊळ, म्हणजे चर्च, बंद झाले, तेव्हा गाव रोज संध्याकाळी वेशीवरच्या क्रुसापाशी जमून लादीन म्हणू लागला.

लादीन म्हणजे एकाने पवित्र मरियेचे एकेक नाव गायचे आणि बाकीच्यांनी "ओरा प्रो नोबीस" असे उत्तर द्यायचे. आमच्यासाठी विनंती कर, असा त्याचा अर्थ. लादीन एकट्याने म्हणायची नाही, असे आमच्याकडे मानतात. नाव घेणारा एक आणि उत्तर देणारा एक, इतके तरी हवेत. गावाची लादीन सांगत ते पेद्रू काका. लादीन संपताना ते आधी आजाऱ्यांची नावे घेत, मग मेलेल्यांची. ज्या घरचे माणूस आजारी असेल त्या घरच्या बाईने चणे उकडून आणायचे आणि सगळ्यांना मूठमूठ वाटायचे. ते खाणे म्हणजे त्या माणसासाठी मागणे. मेलेल्याच्या घरचे चणे नसत.

बापू, माझे वडील, सुके बोंबील घेऊन कल्याणच्या बाजाराला गेले होते. तेथे स्टेशनावर उतारूंना तपासत. बापूंचे अंग गरम लागले आणि शिपाई त्यांना तापवाल्यांच्या छपरांकडे घेऊन गेले, एवढेच बरोबरच्या माणसाने परत येऊन सांगितले.

मी कल्याणला गेलो. छपरांभोवती कुंपण होते आणि त्याच्या दाराशी शिपाई उभा होता.

"आत माझे वडील आहेत," मी म्हणालो.

"आत सगळ्यांचंच कोणी ना कोणी आहे."

"निदान जिवंत आहेत का, ते तरी पाहून सांगा. पास्कू त्यांचं नाव."

"अरे, इथं नावं कोण विचारतो? शिकलेला दिसतोस. ती पाटी वाच आणि चालू लाग."

पाटी इंग्रजीत होती. आत येण्यास मनाई आहे, एवढेच तिच्यावर होते. हे वाचता यावे म्हणून का बापूंनी मला शाळेत घातले, असे मनात आले. मी कुंपणाच्या बाहेर धुळीत बसून राहिलो. आतून कोणी तरी सारखे पाणी मागत होते. तो आवाज बापूंचा आहे की नाही, हेही मला ओळखता आले नाही.

मग नुसती वाट पाहणे सुरू झाले. आई रोज चणे उकडून क्रुसापाशी नेई. पेद्रू काका बापूंचे नाव आजाऱ्यांत घेत. पण हळूहळू लोक चणे हातात घेऊन तसेच धरून ठेवू लागले. खाईना कोणी. एके संध्याकाळी रोजा मावशी, आईची थोरली बहीण, सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं, किती दिवस हे? काळं लुगडं नेस. त्याचं नाव खाली घेऊ दे पेद्रूला. मेलेल्याला जित्त्यांत ठेवलंस, तर त्याच्या आत्म्यासाठी कोण मागंल?"

"मना कोणी येऊन सांगितलं काय, तो मेला म्हणून?" आई म्हणाली. "मग? तू चणे खा. कच्चे राहिलेत काय ते बोल."

मावशीने चणे तोंडात टाकले आणि रडू लागली.

मावशीचे बोलणे माझ्या मनाला लागून राहिले. बापू जिवंत असतील तर त्यांना मेलेल्यांत घालणे पाप. गेले असतील तर त्यांचा आत्मा आमच्या प्रार्थनेवाचून तिष्ठत असेल. देवाकडे काय मागावे, तेच मला कळेना. लादीन चालू असताना माझे ओठ मिटलेले राहत. देव ऐकत नाही असे नव्हे, तेथे ऐकणारे कोणी नाहीच, असे मला वाटू लागले होते. शेवटी मी आईला सांगितले, "मला मागताच येत नाही."

ती चणे निवडत होती. म्हणाली, "मग मागू नको. नाव घेणारा नाव घेतो. तू निस्ता उत्तर दे."

त्या दिवसापासून मी नुसते उत्तर देऊ लागलो. त्याने दुःख हलके झाले असे मी लिहिले तर ते खोटे होईल. पण ते माझ्या एकट्याचे राहिले नाही. काय घडावे हे देवाला सांगण्याचे ओझे मी तेथे खाली ठेवले.

अशाच एका संध्याकाळी मागून एक आवाज आला. सगळ्यांचे उत्तर संपल्यावर, जरा उशिराने. बापू उत्तर देताना शेवटचा स्वर जाळे ओढल्यासारखा लांबवत. तो स्वर तसाच लांबला. आईच्या हातातले टोपले पडले. मी वळून धावलो.

बापू नव्हते. काठीला टेकून एक वाळलेला शेतकरी उभा होता, गळ्यात तुळशीची माळ. आंबिवलीकडचा होता. तापातून उठून, गावाचे नाव विचारत विचारत चालत आला होता.

"बाय," तो आईला म्हणाला, "माझी खाट पास्कूच्या खाटंला लागून व्हती. सांज झाली का तो बोले, आता क्रुसापाशी जमले असतील. एकट्याला बोलता येत नाय, तू उत्तर दे. मी बोललो, बाबा, मी तुझ्या धर्माचा नाय. तर बोलतो कसा, नसशील, पन ताप तर तुलापन हाय ना?"

आई हसली. खरोखर हसली, आणि मग खाली बसली.

त्या परक्या माणसाला बापूंच्या शेजारची खाट कोणी दिली, याविषयी मी वाद घालणार नाही. मी त्यासाठी प्रभूचे आभार मानतो, एवढेच. पुढे आईने विचारले ते आणि त्याने सांगितले ते लिहून थांबतो.

"शेवटी कोण व्हतं त्याच्यापाशी?"

"मीच. त्यानं एक नाव घेतलं, मी उत्तर दिलं. मग त्यानं नाव घेतलं नाय. मी थांबलो. तरी घेतलं नाय. मग मी नावाबिगरच उत्तर देत राहिलो, बाय. अजून पन सांज झाली का देतो."

आईने सांडलेले चणे वेचले, पुसले आणि त्याच्या ओंजळीत घातले. तो तेथेच उभा राहून खाऊ लागला. पेद्रू काकांनी बापूंचे नाव मेलेल्यांत घेतले.