पाणी जातंय, पण कुठलं?

"सिस्टर, काल सकाळपासनं पाणी जायलंय. पण ते नॉर्मल हाय न्हवं? तुमच्याच व्हिडिओत सांगितलंय की."

काजलनं फोन केला होता तो लोहाच्या गोळ्या संपल्या म्हणून. हे वाक्य तिनं फोन ठेवता ठेवता सहज टाकलं. मी उपकेंद्रात लसीकरणाचं रजिस्टर भरत होते. पेन खाली ठेवलं आणि तिला म्हटलं, "थांब. फोन ठेवू नको."

मी आरोग्य सेविका. मोहोळ तालुक्यातल्या एका उपकेंद्रात काम करते. गरोदर बायकांची नोंद, तपासणी, लसी, बाळंतपणानंतरच्या घरभेटी, हे सगळं माझ्याकडे. आणि 'माझा व्हिडिओ' म्हणजे मी काढलेला नव्हे, मी निवडलेला.

झालं असं होतं की, माझ्या गावातल्या पोरी माझं ऐकायच्या आधी मोबाईलचं ऐकायला लागल्या होत्या. एकीनं नववा लागल्यावर रोज वाटीभर तूप प्यायला सुरुवात केली, बाळ घसरून येतं म्हणून. दुसरी आरशासमोर उभी राहून पोटाच्या आकारावरून मुलगा की मुलगी ते ठरवत होती. रागावून काय उपयोग? मोबाईल काय मी काढून घेणार? मग म्हटलं, बघायचंच आहे तर चांगलं बघू दे.

मी चाळण लावायला बसले. बोलणारं माणूस आपलं नाव आणि शिक्षण सांगतं का? शेवटी हळूच पावडर नाहीतर तेल विकतं का? आपल्या माता-बाल कार्डात जे छापलंय त्याच्या उलट काही आहे का? आणि दवाखान्यात कधी धावायचं हे सांगतं, की नुसतंच गोडगोड? लाखो लोकांनी पाहिलंय, याला मी शून्य मार्क दिले. लाखो लोक तूपही पितात. पसाभर व्हिडिओ पाहिले तेव्हा चिमूटभर उरले. ते डॉक्टर सरांना दाखवले. आमचे मेडिकल ऑफिसर तरुण, हुशार आणि तोंडानं फटकळ. "सिस्टर, यूट्यूब बघायचा पगार घेता का?" म्हणाले, पण प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि चौदा पास केले. ती यादी मी गरोदर मातांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. खोटं कशाला बोलू, मला त्या यादीचा फार अभिमान होता.

काजल ज्याचं नाव घेत होती तो त्यातला सगळ्यात चांगला. बोलणाऱ्या बाई स्त्रीरोगतज्ज्ञ, आवाज आईसारखा, विकायला काही नाही.

फोनवर मी एकेक विचारत गेले.

"रंग कसा आहे?"

"पाण्यासारखा. पाणीच हाय."

"वास?"

"तसा काय न्हाय."

"किती जातंय?"

"आज सकाळपासनं तीनदा परकर बदलला की."

"बाळ हालतंय?"

"हालतंय. कळा पण न्हाईत. म्हणून तर म्हनलं, नॉर्मल असंल."

तिला पस्तिसावा आठवडा चालू होता. बाळाभोवतीची पिशवी फुटून पाणी गळत असेल, तर आत जंतू जायची वाट मोकळी होते. कळा नसल्या तरी. आणि दीड दिवस गेला होता. तिला म्हटलं, स्वच्छ कापड घे, कुशीवर पडून राहा, उठबस करू नको. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणून ॲम्ब्युलन्सला फोन लावला, डॉक्टर सरांना कळवलं आणि स्कूटी काढली.

वाटेत दुसऱ्या कशाचा विचारच येईना. आपल्याच यादीतल्या व्हिडिओमुळे पोरगी दीड दिवस घरात बसली, एवढंच डोक्यात. लाजही वाटत होती आणि भीतीही. भीती जास्त.

वस्तीवर पोचले तर ॲम्ब्युलन्स दारात आणि काजलची सासू दारात. सुमनमावशी. दोन एकर ऊस, गोठ्यात म्हशी आणि घरात शेवटचा शब्द त्यांचा.

"कशापायी सोलापूरला न्यायचं?" त्या म्हणाल्या. "कळा न्हाईत, काय न्हाय. डागदरीणबाई सोता सांगत्यात, पाणी जाणं नॉर्मल हाय. आन् तुमीच पाठवलाय की त्यो व्हिडिओ."

"मावशी, त्या वेगळ्या पाण्याबद्दल बोलतायत."

"पाण्यात काय वेगळं असतंय?"

काजल आत पडून आमच्याकडे बघत होती. कुणाचं ऐकावं ते तिला कळेना, आम्ही दोघी तिच्यासाठी सारख्याच वजनाच्या. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर घड्याळ बघत होता. मी मावशींच्याच मोबाईलवर तो व्हिडिओ लावला. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "गरोदरपणात अंगावरून थोडं पाणी जाणं बहुतेक वेळा नॉर्मल असतं." पुढे लगेच, "मात्र गर्भजल गळत असल्यास त्वरित रुग्णालयात जावं." दोन्ही वाक्यं शंभर टक्के बरोबर.

"मावशी, हे गर्भजल म्हणजे काय?"

"आता मला काय ठावं? गंगाजलासारखं देवाचं कायतरी असंल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शहरातल्या बाईंनी पांढऱ्या स्रावाला सभ्यपणे 'पाणी' म्हटलं होतं. आमच्याकडे त्याला पाणी म्हणत नाहीत, 'अंगावर पांढरं जातंय' म्हणतात. आमच्याकडे पाणी म्हणजे पाणी. आणि जे खरंच पाणी, त्याला बाईंनी पुस्तकातलं नाव दिलं होतं. हा व्हिडिओ मी पाच वेळा पाहिला होता, सरांनी दोनदा. आम्हाला दोघांनाही दोन्ही भाषा येत होत्या, म्हणून एकालाही काही खटकलं नाही.

मी विचारलं, "तुमची म्हैस व्यायला झाली की आधी काय फुटतं?"

"पाणमोट."

"पाणमोट फुटली आणि म्हैस कळा देईना, तर तुम्ही दीड दिवस बसून राहाल?"

"खुळी हायस का? तासाभरात डागदर बोलवावा लागतोय. आत वासरू..." मावशी मध्येच थांबल्या. सुनेकडे वळून बघितलं. "हिची पाणमोट फुटलीया?"

"व्हय."

"आगं बाई, मग असं सांग की! गर्भजल, गर्भजल काय लावलंय!"

त्यानंतर मला काही बोलावं लागलं नाही. काजलच्या आधी मावशीच ॲम्ब्युलन्समध्ये चढून बसल्या. वर ड्रायव्हरलाच दरडावलं, "चल की, बघतोस काय?"

सोलापूरला तपासणीत पिशवी फुटलेलीच निघाली. लगेच अँटिबायोटिक सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी काजल बाळंत झाली. मुलगी. वजन दोन किलोच्या जरा वर. चार दिवस काचेच्या पेटीत ठेवली, मग आईजवळ दिली. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "आणखी एक दिवस काढला असता तर अवघड होतं." हे मी मावशींना सांगितलं नाही. त्यांना ते म्हशींमुळे आधीच ठाऊक होतं.

परत आल्यावर सरांकडे गेले. म्हटलं, व्हिडिओ यादीतून काढते.

"का? शास्त्रशुद्ध आहे तो. चूक ऐकणाऱ्याची."

"सर, शास्त्र शुद्ध आहे. पण पाणी गढूळ झालं."

सर हसले नाहीत. म्हणाले, "उरलेले तेरा पण पुन्हा बघायला लागतील."

बघितले. पण या वेळी आम्ही नाही. अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी बायका जमतात. तिथे व्हिडिओ लावायचा आणि संपल्यावर विचारायचं, "आता हेच मला तुमच्या शब्दांत सांगा." पहिल्या रांगेत सुमनमावशी, बोलावणं न धाडता हजर. 'स्तनपान' कळलं, 'प्रसूतिपश्चात रक्तस्राव' कुणालाच कळलं नाही. बाळंतपणानंतर अंगावर जास्त जायला लागलं, तासाला एक कापड भिजायला लागलं तर धावत यायचं, असं मी सांगितलं तेव्हा तीन जणी म्हणाल्या, "मग हे बोलायला काय झालं त्यांना?" चौदापैकी पाचच व्हिडिओ टिकले. राहिलेल्या विषयांवर मी स्वतः बोलून मोबाईलवर व्हिडिओ काढले, सरांनी ते तपासून दिले. पाणमोटीचा व्हिडिओ गोठ्यासमोर काढलाय. मागे म्हैस दिसते. मला अजिबात लाज वाटत नाही.

यंदा तालुक्याच्या बैठकीत ही यादी सगळ्या उपकेंद्रांना द्यायचं ठरलं. इतकी वर्षं नोकरी केली, पण त्या दिवशी उभं राहून बोलताना ऊर भरून आला तो पहिल्यांदा. एका साहेबांनी फॉर्म पुढे केला. त्यात रकाना होता, तपासणारे तज्ज्ञ. मी पहिलं नाव सरांचं लिहिलं. दुसरं सुमनमावशींचं.

"यांचं शिक्षण?" साहेबांनी विचारलं.

"तिसरी."

"मग तज्ज्ञ कशा?"

"साहेब, व्हिडिओ खरा आहे का ते डॉक्टर सांगतात. तो कळतो का, ते डॉक्टरांना सांगता येत नाही. त्यासाठी सासू लागते."

साहेबांनी रकाना तसाच ठेवून सही केली.